गवतातलं भूत आणि केडगावचा धागा: तरुण विधवेवरचा जपानी सिनेमा ‘ओनिबाबा’ आजही का पाहावा?

माणसापेक्षा उंच गवत, पावसाळी रात्र आणि गवतातून धावत निघालेली एक तरुण विधवा. अचानक समोर शिंगं आणि सुळे असलेला चेहरा उभा राहतो. ती किंचाळून मागे फिरते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्रीही तेच. ती ज्याला भूत समजते ती तिची सासूच असते, चोरलेला मुखवटा घालून उभी राहिलेली.

1964 साली आलेला ‘ओनिबाबा’ हा जपानी सिनेमा भयपटांच्या यादीत हमखास सापडतो. ‘ओनि’ म्हणजे राक्षस आणि ‘बाबा’ म्हणजे म्हातारी. मराठीत नाव द्यायचं तर ‘राक्षसीण म्हातारी’ म्हणता येईल. पण हा सिनेमा भुतापेक्षा, भूत कोण उभं करतं आणि कशासाठी, यावर जास्त बोलतो. नवरा गेलेल्या बाईने रात्री घराबाहेर पडू नये म्हणून तिच्या वाटेवर भीती पेरण्याची ही गोष्ट आहे. शिरूर-दौंड पट्ट्यातल्या वाचकाला ती परकी वाटण्याचं कारण नाही. जपानमध्ये जाऊन आलेल्या एका तरुण विधवेने सव्वाशे वर्षांपूर्वी याच दौंड तालुक्यात, केडगावला, अशा बायकांसाठी अख्खी वस्ती उभी केली होती.

सिनेमात नेमकं काय घडतं?

(पुढच्या भागात सिनेमाचा शेवट सांगितला आहे. आधी सिनेमा पाहायचा असेल तर हा भाग सोडून पुढे जा.)

काळ चौदाव्या शतकातला. जपानमध्ये दोन राजघराण्यांच्या बाजूने युद्ध पेटलंय. तरुणांना लढायला ओढून नेलंय आणि शेतं ओस पडली आहेत. नदीकाठच्या गवताळ दलदलीत सासू आणि सून दोघीच राहतात. मुलगा किची युद्धावर गेलेला. पोटासाठी दोघी एक भयंकर धंदा करतात. वाट चुकलेल्या, जखमी सामुराईंना भाल्याने मारायचं, प्रेत एका खोल खड्ड्यात ढकलायचं आणि त्यांचं चिलखत-तलवारी एका दलालाला विकून धान्य आणायचं.

एके दिवशी शेजारचा हाची युद्धातून पळून परत येतो आणि किची मेल्याचं सांगतो. सून विधवा होते. काही दिवसांत ती रात्री चोरून हाचीच्या झोपडीत जायला लागते. सासूला हे कळतं. तिचा राग फक्त मुलाच्या आठवणीतून आलेला नाही. सून गेली तर एकटीच्या हाताने सामुराई मारता येणार नाही आणि धान्यही मिळणार नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. ती हाचीला विनवते, सुनेला पापाच्या आणि नरकाच्या गोष्टी सांगते. कशाचाच उपयोग होत नाही. मग एका वाट चुकलेल्या सेनापतीचा राक्षसी मुखवटा तिच्या हाती लागतो.

भीतीचा हा उपाय मात्र चालतो. पण पावसात भिजलेला मुखवटा सासूच्या चेहऱ्याला चिकटून बसतो. शेवटी ती सुनेपुढेच कबुली देते आणि तो काढून द्यायला विनवते. सून हातोड्याने मुखवटा फोडते, तेव्हा खालचा चेहरा सोलून विद्रूप झालेला असतो. आता सून तिलाच राक्षसीण समजून पळत सुटते आणि वाटेतल्या खड्ड्यावरून उडी मारते. मागून सासू, आपण माणूसच आहोत असं ओरडत, त्याच खड्ड्यावरून झेप घेते. ती पलीकडे पोचली की खड्ड्यात पडली, हे सिनेमा दाखवत नाही.

संपूर्ण सिनेमात सासूला नाव नाही आणि सुनेलाही नाही. नावं आहेत ती मेलेल्या मुलाला, शेजाऱ्याला आणि दलालाला. हा योगायोग वाटत नाही.

मुखवट्याची गोष्ट आली कुठून?

दिग्दर्शक कानेतो शिंदो यांनी ही कल्पना एका जुन्या बौद्ध आख्यायिकेवरून घेतली. जपानच्या एचिझेन प्रांतातल्या योशिझाकी इथे पंधराव्या शतकात रेन्यो नावाचे धर्मगुरू प्रवचन करत. नवरा आणि मुलं गमावलेली एक सून रोज रात्री तिथे जायची. सासूला ते खपेना. तिने राक्षसी मुखवटा घालून वाटेत सुनेला घाबरवलं आणि मुखवटा चेहऱ्याला चिकटला. मूळ कथेत पश्चात्ताप आणि नामस्मरण केल्यावर तो सुटतो. ‘सुनेला घाबरवणारा मुखवटा’ याच नावाने ही गोष्ट जपानमध्ये ओळखली जाते.

प्रवचनाला निघालेली सून आणि वाट अडवणारी सासू म्हटलं की मराठी माणसाला संत सखू आठवणारच. पुण्याच्या ‘प्रभात’ने 1941 साली त्या कथेवर सिनेमाही काढला होता. सखूच्या कथेत दैवी शक्ती सुनेच्या बाजूने उभी राहते. विठ्ठल तिचं रूप घेऊन घरात राबतो आणि ती पंढरपूरला जाते. योशिझाकीच्या कथेत दैव सासूला शिक्षा करतं आणि मग माफ करतं. शिंदोंनी यातलं देऊळ, प्रवचन आणि माफी काढून टाकली. त्यांच्या सुनेला देवाची नाही, पुरुषाच्या सोबतीची ओढ आहे. ती लपवण्याची किंवा तिला पापाचं लेबल लावण्याची घाई सिनेमा करत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या सिनेमासाठी हे धाडसच होतं.

शिंदो मूळचे हिरोशिमा भागातले, जन्म 1912 चा. हिरोशिमाच्या अणुबॉम्बवर त्यांनी 1952 मध्येच सिनेमा केला होता. ‘ओनिबाबा’तल्या सासूचा सोललेला चेहरा रंगवताना बॉम्बमधून वाचलेल्यांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यामुळे शेवटचा प्रसंग पाहताना ‘करावं तसं भरावं’ इतक्यावर विषय संपत नाही. या म्हाताऱ्या बाईला राक्षसीण कोणी केलं, युद्धाने की भुकेने, हा प्रश्न मागे राहतो. सासूचं काम नोबुको ओतोवा यांनी केलंय, सुनेचं जित्सुको योशिमुरा यांनी. चार वर्षांनी, 1968 मध्ये, शिंदोंनी ‘कुरोनेको’ म्हणजे ‘काळं मांजर’ केला. त्यातही सासू-सूनच आहेत. पण तिथे सामुराईंनी अत्याचार करून मारलेल्या या दोघी खरोखरच भूत होऊन परततात आणि सूड घेतात. दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ पाहावेत असे आहेत.

गवत, ऊस आणि रात्र

सिनेमात गवत हेच एक पात्र आहे. कॅमेरा सतत त्याच्या लाटांत बुडालेला असतो आणि पार्श्वसंगीतात ढोल घुमत राहतात. हे गवत म्हणजे ‘सुसुकी’. वनस्पतिशास्त्रात सुसुकी आणि ऊस हे जवळचे नातेवाईक मानले जातात. शास्त्रज्ञांनी दोघांचे संकरही केले आहेत. भीमेच्या दोन्ही काठांना, अलीकडे दौंड आणि पलीकडे शिरूर, पसरलेला ऊस ज्याने रात्री पाहिलाय, त्याला या सिनेमातली वाट लगेच ओळखू येईल. दोन हातांपलीकडचं काही दिसत नाही, पण सळसळ मात्र कानाशी येते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. शिरूर भागात उसातली भीती काल्पनिक नाही. बिबट्या उसातच राहतो, तिथेच पिल्लं घालतो आणि त्याच्या हल्ल्यांत माणसंही गेली आहेत. शेतीपंपाला रात्री वीज आली की पाणी द्यायला उसात जावंच लागतं, म्हणून दिवसा वीज द्या ही इथली जुनी मागणी आहे. खऱ्या भीतीवर असे उपाय मागता येतात. दिवसाची वीज, पिंजरा, वन विभागाचं पथक. मुखवट्याच्या भीतीवर अर्ज करता येत नाही, कारण ती घरातूनच येते आणि ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून येते.

उसाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट. सिनेमातल्या सासू-सुनेचं काम दोघींनी मिळूनच होणारं आहे, एकटीने जमणारं नाही. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणतात तो असाच. बीड, अहिल्यानगरकडून हंगामात पाटस, आलेगाव अशा कारखान्यांच्या परिसरात येणाऱ्या टोळ्यांमध्ये नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम उचल देतो ती या जोडीला. एकटं माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. नवरा गेला की बाईचं दुःख तिचं असतंच, पण त्याच दिवशी जोडी मोडते, उचल फिटायची राहते आणि ती हिशेबात अर्धी होते. अशा वेळी तिने कोणासोबत राहावं, कोणाच्या टोळीत जावं, हे ठरवायला आजूबाजूचे सगळे पुढे येतात. ‘ओनिबाबा’तली सासू क्रूर वाटते, पण तिचा हिशेब चुकीचा नाही.

आपल्याकडचा मुखवटा कसा होता?

आपल्या लोककथांत हडळ आहे, जखीण आहे, अळवंतीण आहे. मेल्यानंतर बाईला भूत करण्याची सोय आपण भरपूर करून ठेवली आहे. विधवेला मात्र जिवंतपणीच भुताच्या जवळ नेऊन बसवलं. ‘पांढऱ्या पायाची’, ‘अवदसा’, ‘नवऱ्याला खाल्लं’ हे शब्द काही फार जुने झालेले नाहीत. शुभकामाला निघताना ती आडवी आली की अपशकुन, हळदी-कुंकवाला तिला बोलावणं नाही, लग्नात अक्षता टाकायला ती मागे.

इथे जातीनुसार चित्र वेगळं होतं, हे सांगायलाच हवं. अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचा ‘पाट’ लावण्याची रीत पूर्वापार होती. पुनर्विवाहाची बंदी आणि केशवपन ही मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांतली गोष्ट. डोकं भादरलेली, लाल आलवणातली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी रात्री अंगणात दिसली तर परकं माणूस दचकेल, असंच तिचं रूप केलं जाई. सिनेमात सासू मुखवटा स्वतः घालते. आपल्याकडे तो सुनेला घालायचे.

याविरुद्ध सर्वात थेट पाऊल न्हाव्यांनी उचललं होतं. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. त्याआधी, 1863 साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं.

आणि मग केडगाव

पुणे-दौंड लोहमार्गावर, पुण्याहून 50-55 किलोमीटरवर केडगाव स्टेशन लागतं. चौफुला इथून जवळच आणि चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला रस्ता जातो. रोज हजारो लोक ये-जा करतात. इथल्या ‘मुक्ती मिशन’चं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण ते कोणासाठी सुरू झालं हे फार जणांना सांगता येत नाही.

पंडिता रमाबाई यांचा जन्म 1858 चा. आई, वडील आणि बहीण दुष्काळात आणि भटकंतीत गेले. 1880 मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने नवरा गेला. रमाबाई तेव्हा 23 वर्षांच्या होत्या, कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी. त्या पुण्याला आल्या, पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे विधवांसाठी पैसा उभा करत राहिल्या. 1888 च्या अखेरीस परतीच्या वाटेवर त्या जपानमध्ये थांबल्या होत्या. या लेखातल्या दोन टोकांना जोडणारा हा छोटासा तपशील फारसा कोणाच्या लक्षात नसतो.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ उघडलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या गोदूबाई. पुढे 1893 मध्ये त्यांचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. सदन 1890 मध्ये पुण्यात आलं. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय, या आरोपावरून 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. ‘केसरी’तून टीकेची झोड उठली, सल्लागार मंडळातले सुधारक बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल आणि संस्थेतल्या धार्मिक वातावरणाबद्दल आजही मतभेद आहेत. ते बाजूला ठेवून त्यांचं काम सांगता येत नाही आणि फक्त त्यावरूनही सांगता येत नाही.

केडगावची जमीन त्यांनी वादळानंतर घेतली, सुमारे 100 एकर. विहिरी खोदल्या, फळबागा लावल्या. उद्देश साधा होता: संस्था देणगीवरच न जगता जमिनीवर जगावी. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला, नियम कडक झाले आणि मुलींना केडगावच्या माळावर हलवावं लागलं. 1898 मध्ये ‘मुक्ती सदन’ची पायाभरणी झाली. 1900 च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी बायका आल्या आणि वस्ती दीड हजाराच्या पुढे गेली. आता सगळ्या जातींच्या बायका एकत्र राहत होत्या.

त्या काय करत होत्या, हे जास्त महत्त्वाचं. विणकाम, दुग्धव्यवसाय, तेल गाळणं, शेती, शिवण आणि छपाई. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर इथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. ज्या मुलींना घरात ताटाजवळ बसू दिलं जात नव्हतं, त्या छापखाना चालवत होत्या. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी केडगावातच वारल्या.

‘ओनिबाबा’तली सून खड्डा ओलांडते, पण पळून जायची कुठे, याचं उत्तर सिनेमाकडे नाही. ज्या झोपडीकडे ती रोज धावायची, तिथला हाचीही तोवर मारला गेलेला आहे. गोदूबाईंसारख्यांनी उडी मारली तेव्हा पलीकडे एक दार उघडं होतं आणि आत काम होतं.

कायदा आज काय म्हणतो?

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढायला लावणं, हे थांबवायचं. करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी त्याआधी या विषयावर मोहीम चालवली होती. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. त्यात शिक्षा नाही, आवाहन आहे.

शिक्षा आहे ती दुसरीकडे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत 12 कृत्यं दिली आहेत. त्यातल्या एका कलमाकडे विधवांच्या संदर्भात फारसं पाहिलं जात नाही. एखादी व्यक्ती करणी करते, जनावरांचं दूध आटवते, दुसऱ्यांवर संकट आणते किंवा रोगराई पसरवते असा आरोप करून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं आणि दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सुनेला ‘अपशकुनी’ ठरवून छळणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

दुसरं लग्न केलं तर जमीन जाते का?

गावात हा प्रश्न हमखास निघतो आणि उत्तर बहुतेक वेळा चुकीचं दिलं जातं. 1856 च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जाई. मुखवटा कागदावरही होता, असं म्हणायला हरकत नाही. तो कायदा 1983 मध्ये रद्द झाला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या वाट्याचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलं-मुली आणि त्याची आई. वाटे समान. नवरा गेल्यावर तिला मिळालेला वाटा पुढे पुनर्विवाह केला म्हणून परत जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केलं आहे.

प्रत्यक्षात अडतं ते नोंदीपाशी. दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत हक्कसोडपत्राचा विषय निघतो आणि सही मागितली जाते. ती देण्याची सक्ती नाही आणि घाईही नाही. उलट घाई करायची ती वारस नोंदीची. मालकीतला बदल तीन महिन्यांच्या आत कळवायचा असतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठी कार्यालयात अर्ज द्यायचा किंवा ‘ई-हक्क’ प्रणालीवर ऑनलाइन भरायचा. फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर नावं लागतात. अर्जात सगळे वारस लिहावे लागतात, त्यामुळे मुलगा गमावलेल्या सासूचं नावही त्यात सुनेच्या नावाशेजारीच येतं.